दीड लाखाचा कॅमेरा, दीड हजाराचं हेड

कॅमेरा दीड लाखाचा. लेन्स साठ हजारांची. बॅग पावसापासून जपणारी, तिचेही पाच हजार मोजलेले. आणि हा सगळा संसार ज्याच्यावर उभा करायचा तो ट्रायपॉड? ऑनलाइन सेलमधला, दीड हजाराचा. सोबत मोबाईल होल्डर फुकट.

त्या खोक्यात धड वस्तू बहुतेक वेळा तेवढीच असते.

ट्रायपॉडचे पाय सगळ्यांना दिसतात. किती उंच, किती घड्यांचे, कार्बनचे की ॲल्युमिनियमचे, यावर चहाच्या टपरीवर तासभर वाद रंगतो. पायांच्या वर आणि कॅमेऱ्याच्या खाली जे बसवलेलं असतं, त्या हेडबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. फोटो हलतो मात्र तिथूनच.

हे हेड आपल्याला हवं आहे ते गोंदियाच्या तलावांसाठी. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. वाटणीत तलाव भरपूर आले. नवेगावबांध, इटियाडोह, बोदलकसा, चोरखमारा, चुलबंद, शिवाय गावोगावचे मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्या. फोटोग्राफर येतो तो वाघासाठी. वाघ दिसत नाही. मग जंगलाच्या गेटवरच्या फलकावरील वाघासोबत सेल्फी काढून तो नागपूर गाठतो.

सारसाचं नशीब थोडं बरं. राज्यात सारस टिकून आहेत ते मुख्यतः या धानपट्ट्यात, आणि २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. सारसाला कोर्ट मिळालं. तलावाला अजून धड फोटोग्राफर मिळालेला नाही.

मारुती चितमपल्लींनी नवेगावबांध शब्दांत उभं केलं. वनखात्यातला माणूस, डोळे उघडे, हातात वही. त्यांना ट्रायपॉड लागला नाही. आपल्याला लागतो, कारण आपल्याकडे नुसता कॅमेरा आहे.

पण खरंच लागतो का?

भर दुपारी रोवणीचे फोटो काढत असाल तर नाही. उजेड इतका असतो की शटर क्षणार्धात मिटतं, हात थरथरला तरी फोटोला कळत नाही. सफारीच्या जिप्सीत तर नाहीच नाही. तिथे ट्रायपॉड उघडायला जागा नसते आणि गाडीतून उतरायची परवानगी नसते. जिप्सीच्या दांडीवर ठेवायला बीन बॅग पुरते. आत काय भरायचं, हे गोंदियात विचारायचं असतं का? तांदूळ.

फोटो मोबाईलवर काढून मोबाईलवरच पाहणार असाल, तर हा लेख इथेच सोडा. पैसे वाचले, दसऱ्याला कामी येतील.

उरलेल्यांसाठी पुढे. सूर्य उगवायच्या आधीचा तलाव हवा, धान कापणीनंतर बांध्यांवर साचलेलं धुकं हवं, दरेकशाजवळच्या हाजरा फॉलचं पाणी दुधासारखं वाहतं दाखवायचं असेल, तर शटर अर्धा सेकंद, दोन सेकंद, कधी तीस सेकंद उघडं ठेवावं लागतं. तीस सेकंद कोणाचाही हात स्थिर राहत नाही. योगासनवाल्यांचाही नाही.

आणि तलावाची एक खोड आहे. डोंगर तिरपा आला तर कोणी बोट ठेवत नाही, डोंगर तिरपाच असतो. पाणी तिरपं आलं की शेंबडं पोरसुद्धा सांगतं, काका, तलाव सांडतोय.

सहा हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोत एका अंशाचा तिरपेपणा म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत शंभरावर पिक्सेलचा फरक. सॉफ्टवेअरमध्ये सरळ करू म्हणता? करा. चारही कोपरे कापले जातील, आणि ज्या एका कोपऱ्यातल्या पळसासाठी तुम्ही पहाटे उठला होतात, तो नेमका कापलेल्या भागात असेल.

म्हणून गोंदियाच्या निसर्गचित्राला हेड हवं ते सावकाश आणि सरळ चालणारं. चपळाई इथे काय कामाची? तलाव कुठे पळून जात नाही.

बाजारात मात्र चपळाईच विकली जाते. तिचं नाव बॉल हेड. एक गोळा, एक स्क्रू. ढिला केला की कॅमेरा आठही दिशांना फिरतो, आवळला की थांबतो. दिसायला देखणं, वजनाला हलकं, जाहिरातीत तर फारच शोभतं. परदेशी फोटोग्राफर हेच वापरतात, हे वाक्य दुकानदार न चुकता म्हणतो.

परदेशी फोटोग्राफर ज्या किमतीचं वापरतात, तो आकडा तेवढा सांगायचा राहून जातो.

बॉल हेडचा सगळा जीव त्या गोळ्यात. गोळा अगदी गोल हवा, गुळगुळीत हवा आणि त्याला धरणारी पकड चहूबाजूंनी सारखी बसायला हवी. हे काम बारीक आणि म्हणून महाग. दोन हजारांत गोळा मिळतो, गोलपणाची हमी मिळत नाही.

मग काय होतं? तुम्ही क्षितिज नेमकं मध्ये आणता, स्क्रू आवळता, हात काढता, आणि चित्र केसभर खाली बसतं. पुन्हा ढिलं करा, या खेपेला मुद्दाम थोडं वर धरा, आवळा, सोडा. आता ते नेमकं खाली बसत नाही. हेड तुम्ही विकत घेतलंय, पण मर्जी त्याची सांभाळताय.

दुसरी गोम याहून वाईट. क्षितिज सरळ झालं, फक्त कॅमेरा थोडा वर करायचाय. बॉल हेडला ‘फक्त’ कळत नाही. स्क्रू सैल केला की वर-खाली, डावं-उजवं, सगळंच सुटतं. जे जमलं होतं तेही गेलं. तोवर सूर्य वर आलेला असतो, आणि त्याला रीटेक मान्य नाही.

तिसरी गोम बोटाला कळते. लेन्स जड असेल आणि स्क्रू अंमळ जास्त फिरला, तर कॅमेरा मान टाकतो. मध्ये बोट असेल तर तलावावर शांतता राहत नाही.

मग घ्यायचं काय? ज्याला सगळे हसतात ते.

थ्री-वे हेड. तीन दिशा, तीन दांडे. एक गोल फिरवायला, एक पुढे-मागे झुकवायला, एक आडवं कलतं करायला. एक दांडा सैल केला तरी बाकीचे दोन जागचे हलत नाहीत. क्षितिज एकदा लावलं की ते लागलेलंच राहतं. मग वर करा, खाली करा, तलावाभोवती फिरवा. दिसायला जुनाट, फोटो स्टुडिओतल्या काकांच्या काळातलं. काकांचे फोटो हलायचे नाहीत, ते का याचा विचार कोणी केलाय?

आणि कमी बजेटमध्ये याचा खरा फायदा वेगळाच आहे. स्वस्त बॉल हेडमध्ये सगळा भार एका गोळ्यावर, तो फसला की सगळं फसलं. थ्री-वेमध्ये साधे सांधे, साधे स्क्रू. ते बनवायला फार मोठी कारागिरी लागत नाही. स्वस्त थ्री-वेही थोडं वाईट असतं. पण त्याचा वाईटपणा तीन ठिकाणी वाटलेला असतो.

प्लॅस्टिकचं मात्र घेऊ नका. दीड हजाराच्या ट्रायपॉडवर लांब दांड्याचं जे हेड येतं, ते याच घराण्यातलं असल्याची बतावणी करतं. दांडा दाबा, हेड वाकतं. सोडा, परत वर येतं. ते हेड नाही, स्प्रिंग आहे. शिवाय अशा बऱ्याच ट्रायपॉडचं हेड निघतच नाही, म्हणजे पुढे चांगलं आणावं म्हटलं तरी सोय नाही. पाय घेताना आधी हेड सुटं होतं का ते बघा. नसेल होत, तर दुकानातून तुम्हीच सुटा.

थ्री-वेचे तोटे? आहेत की. धातूचं असेल तर किलोच्या आसपास जातं, त्याच कुवतीचं बॉल हेड जवळजवळ अर्ध्या वजनात बसतं. दांडे बॅगेतून बाहेर डोकावतात, झुडपात अडकतात. कचारगडची चढण चढताना तुम्ही मला शिव्या द्याल. फोटो पाहिल्यावर परत घ्याल.

चढायचंच असेल फार, आणि कॅमेराही छोटा मिररलेस असेल, तर बॉल हेडला माझी हरकत नाही. पण मग मोठ्या गोळ्याचं घ्या, आणि तीन नॉब असलेलं. एक आवळायला, एक फक्त तळ फिरवायला, एक घर्षण कमी-जास्त करायला. हा तिसरा असला की कॅमेरा मान टाकत नाही. स्वस्तात नेमका तोच गाळलेला असतो, किंवा असतो पण फिरवून काहीच होत नाही. शोभेचा नॉब.

बाकीच्यांचं झटपट उरकू.

गिअर हेड: नॉब फिरवा, कॅमेरा केसाकेसाने सरकतो. निसर्गचित्रासाठी याहून चांगलं नाही. किंमत साधारण पंधरा-वीस हजारांपासून. विषय संपला.

पिस्तुलाच्या मुठीचं हेड: दाबलं की सुटतं, सोडलं की लॉक. सालेकसा-देवरीच्या जंगलात पिस्तुलाच्या मुठीचं काहीही हातात घेऊन फिरू नये, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

गिंबल हेड: लांब लेन्स लावून उडत्या सारसामागे फिरवायला उत्तम. निसर्गचित्राला निरुपयोगी. ‘एकाच हेडमध्ये दोन्ही होतं’ असं कोणी म्हणालं, तर त्याच्याकडे विकायला एकच हेड आहे.

फ्लुइड हेड: लग्नवाल्यांचं. गोल फिरतं, वर-खाली होतं, लोण्यासारखं चालतं. आडवं कलत नाही. म्हणजे क्षितिज सरळ करायचं तर ट्रायपॉडचे पाय लहान-मोठे करत बसा. वधू-वरांना क्षितिज नसतं, म्हणून त्यांचं चालून जातं.

आता खोक्यावरच्या आकड्याकडे या. ‘भारक्षमता १५ किलो.’ पंधरा किलोचा कॅमेरा कोणाकडे आहे? तुमचा सगळा सरंजाम दोन किलोंच्या आत. मग पंधरा कशाला छापतात? कारण शेजारच्या खोक्यावर बारा छापलेत.

हा आकडा कसा मोजायचा, याचं सगळ्या कंपन्यांनी पाळावं असं एकच माप नाही. कॅमेरा सरळ उभा असताना वजन थेट खाली जातं. तसं ओझं लाकडाचा ओंडकाही पेलेल. खरी परीक्षा कॅमेरा पुढे झुकवला किंवा आडवा कलता केला की सुरू होते. वजन तेवढंच राहतं, पण ते बाजूला जातं आणि हेडला पिळतं. त्या पिळाचा आकडा खोक्यावर नसतो. छापला तर खोकं विकलं जाणार नाही.

म्हणून खोकं वाचू नका, हेड तपासा. आपला कॅमेरा आणि आपली सर्वांत जड लेन्स दुकानात घेऊन जा. हेडवर चढवा, उभ्या फोटोसाठी कलता करा, आवळा. स्क्रीनवर चित्र दहापट मोठं करून एखाद्या खोक्यावरचं अक्षर मध्ये आणा. हात काढा. अक्षर खाली सरकलं? हेड परत ठेवा. लेन्सच्या टोकाला बोटाने टिचकी मारा. चित्र थरथरून लगेच थांबतं की झोके घेत राहतं? दुकानदार वैतागेल. वैतागू द्या, त्याला घरी न्यायचं नाही.

हे ऑनलाइन करता येत नाही. ऑनलाइन फक्त तारे मोजता येतात. पाच तारे देणाऱ्याने लिहिलेलं असतं: ‘पॅकिंग छान होतं, अजून वापरलं नाही.’

गोंदियात अशी दुकानं किती, हा प्रश्न रास्त आहे. नागपूर रेल्वेने दोन-अडीच तासांवर. तेवढं जावं. लग्नाचा बस्ता बांधायला जातोच की.

त्याहून स्वस्त रस्ता आपल्याच गल्लीत आहे. हातात धरायचे मोटरवाले गिंबल आले, ड्रोन आले, तसे लग्नवाल्यांचे जुने जड ट्रायपॉड माळ्यावर गेले. त्यात एखादं धातूचं थ्री-वे हमखास सापडतं. हेडमध्ये बॅटरी नाही, सर्किट नाही, सेन्सर नाही. वीस वर्षांचं असलं तरी बिघडण्यासारखं फार नसतं. दांडे फिरवून बघा, सगळं आवळून ढकलून बघा, खडखडतं का ते ऐका. कॅमेरा जुना घेताना माणूस घाबरतो ते बरोबरच. हेड जुनं घेताना घाबरतो ते का, हे कळत नाही.

पण प्लेट सोबत आहे का, ते विचारा. कॅमेऱ्याच्या तळाला लागणारा तो चपटा तुकडा. जुन्या हेडची प्लेट त्या-त्या कंपनीचीच लागते. ती हरवली असेल तर हेड फुकट मिळालं तरी महाग पडतं. नवीन घेत असाल तर आर्का-स्विस पद्धतीची खाच असलेलंच घ्या. आर्का-स्विस ही मूळची झुरिकची, आता फ्रान्समधली कंपनी. तिची हेडं आपल्या आवाक्याबाहेर, पण तिच्या प्लेटची साधारण ३८ मिलिमीटर रुंदीची रचना जगाने उचलली. आज कोणाचीही प्लेट जवळजवळ कोणाच्याही हेडवर बसते. जवळजवळ. दुकानात बसवून बघा.

प्लेटचा स्क्रू पाव इंची असतो, पायांना हेड जोडणारा बहुधा तीन अष्टमांश इंची. मेट्रिक पद्धत देशात येऊन किती दशकं झाली ते मोजू नका, कॅमेऱ्याच्या दुनियेत अजून इंचांचंच राज्य आहे. हा स्क्रू काही प्लेटींना नाण्याने आवळायचा असतो. यूपीआयच्या जमान्यात खिशात नाणं कुठून आणायचं? एक नाणं बॅगेत टाकून ठेवा, तलावाच्या पाळीवर क्यूआर कोड उपयोगाचा नाही.

हेडवर एक छोटा बुडबुडा असतो, पातळी दाखवायला. स्वस्त हेडवरचा बुडबुडा अंदाजाने चिकटवलेला असतो. गवंडी त्यावर विटांचा एक थरही लावणार नाही. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पातळीची रेघ असते, ती वापरा. ती मेनूत कुठे दडलीय? कॅमेऱ्यासोबत आलेलं पुस्तक एकदा उघडा. अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच असेल.

हेड चांगलं घेतलं आणि पाय बांधीतल्या चिखलात रोवले, तर दोष हेडला देऊ नका. रोवणीच्या दिवसांत चिखल पऱ्ह्यांसाठी असतो. पाय पाळीवर ठेवा, दगडावर ठेवा, नाहीतर खाली फळकुट घाला. तुम्ही दोन सेकंदांचा फोटो काढताय आणि एक पाय सावकाश खाली चाललाय, असलं कलात्मक चित्र कोणाला नकोय.

वाऱ्याचंही तेच. इटियाडोहच्या बाजूला वारा किती आहे हे कळायला ॲप लागत नाही, गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतल्या पताका बघा. त्या फडफडत असतील तर मधला दांडा वर काढू नका. तो वर काढला की ट्रायपॉडचा एकपॉड होतो. मधल्या आकड्याला दोन-तीन किलो तांदळाची पिशवी अडकवा, आणि ती जमिनीला टेकू द्या. लोंबकळत ठेवली तर तीच झोके घेईल आणि कॅमेऱ्यालाही देईल.

तांदूळ घरी न्या. शिजतो.

शटरचं बटण बोटाने दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद करा, नाहीतर काही लेन्स स्थिर ट्रायपॉडवरही नसलेला हादरा शोधत बसतात आणि फोटो बिघडवतात. दोन्ही गोष्टी फुकट आहेत. म्हणूनच त्यांचा व्हिडिओ कोणी करत नाही.

आता हिशेब. खिशात दहा हजार आहेत. दुकानदार सांगेल, नऊ पायांना घाला, हेड हजारात बसवून देतो. तुम्ही म्हणा, अर्धे अर्धे. कार्बनचं नाव काढू नका. ॲल्युमिनियमचे साधे, जाड, कमी घड्यांचे पाय, आणि वर धातूचं थ्री-वे. खिशात पाचच असतील, तर दोन्ही जुनं. खिशात दीड हजारच असतील, तर थांबा. धान विकून पैसे येईपर्यंत थांबलं तरी तलाव तिथेच असतो.

आणि प्लेट दोन घ्या. एक हरवतेच.